एक मीटर सडा : प्रकल्प नोंदी, मे ते नोव्हेंबर २०२३

१४ मे, रविवार

काल मोसमातलं एकोणिसावं लग्न उरकलं. अजून सहा आहेत. मग २९ जूनला आषाढी, आणि यंदा श्रावण अधिक, म्हणजे चातुर्मास पाच महिन्यांचा. तुळशीचं लग्न लागेपर्यंत माणसांची लग्नं बंद. स्टुडिओत पासपोर्ट फोटो, झेरॉक्स आणि माश्या.

या रिकाम्या महिन्यांचं काय करायचं ते गेल्या सप्टेंबरातच ठरलं होतं, लिहून काढलं नव्हतं इतकंच. एका जोडप्याला प्री-वेडिंगला कास नको होतं, ‘कासारखं’ हवं होतं. कास लांब, तिथे गर्दी, तिकीट. मी त्यांना आमच्या गावामागच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर नेलं. गेंदाची फुलं ऐन भरात होती, कातळभर पांढरे ठिपके. मीच म्हटलं, आडवे व्हा, हातात हात घ्या, वर बघा. स्टुलावर चढून वरून फोटो काढला. अल्बमच्या पहिल्या पानावर तोच आहे आणि खोटं कशाला बोलू, फोटो झकास आहे. दोन आठवड्यांनी दुसऱ्याच कामाने तिकडून चाललो होतो, तर तिथे दोन माणसांच्या आकाराचे दोन चट्टे. नवरीच्या बाजूला झग्याच्या घेराचा अर्धगोलसुद्धा ओळखू येत होता.

तेव्हा ठरवलं की पुढच्या पावसाळ्यात याच सड्याचा फक्त एक चौरस मीटर धरायचा. दर रविवारी तीच जागा, तीच उंची, तीच लेन्स. पाऊस सुरू होण्याआधीपासून पार वाळेपर्यंत. त्या चौकटीत जे येईल ते काढायचं, बाहेरचं सुंदर असलं तरी दुय्यम.

जागेचं नाव या नोंदीत येणार नाही. रत्नागिरी जिल्हा, समुद्रापासून फार लांब नाही, एवढं पुरे.

२१ मे, रविवार

चौकट तयार. सुताराकडच्या उरलेल्या रिपा, आतून बरोबर एक मीटर बाय एक मीटर, कोपऱ्यांना एकेक बोल्ट. घडी घालून स्कूटरवर पायाशी बसते.

खरी डोकेदुखी वरून सरळ खाली बघण्याची. ३५ मिलिमीटरवर पूर्ण चौकट मावायला कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरभर उंच लागतो, आणि ट्रायपॉड कसाही ठेवला तरी त्याचा एक पाय फोटोत येतोच. दोन तास त्यात घालवले. शेवटी स्टुडिओतला पडद्याचा आडवा पाइप आणला, दोन स्टँडवर टाकला, मधोमध कॅमेरा उलटा टांगला. ज्या पाइपवर एरवी निळं आकाश आणि स्वित्झर्लंड लटकतं, तो प्रथमच खऱ्या आकाशाखाली आला. वाऱ्याने हलतो म्हणून दोन्ही स्टँडना पाण्याच्या पाच-पाच लिटरच्या बाटल्या बांधल्या.

दर वेळी तीच जागा कशी साधायची? खिळे ठोकायचे नाहीत, ऑइलपेंट लावायचा नाही. या चौरसात एक तिरकी भेग आहे आणि वाटाण्याएवढी तीन भोकं. आजच्या फोटोची प्रिंट लॅमिनेट करून घेतली, ती हातात धरून भेग भेगेवर आणि भोक भोकावर जुळवायचं.

आमच्या जिल्ह्यातल्या कातळशिल्पांचंही हेच, वरून बघण्याचं दुखणं. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली तेव्हा मी कशेळीचा हत्ती काढायला गेलो होतो. उभं राहून बघितलं तर नुसत्या चरांचा गोंधळ. हत्ती दिसतो तो ड्रोन वर गेल्यावर. हजारो वर्षांपूर्वी खोदणाऱ्याकडे ड्रोन नव्हता, दीड मीटर उंचीचा पाइपही नसावा. त्याने तो वरून कधी पाहिलाच नसेल.

पहिल्या फोटोत काय आहे: काळा कातळ, गवताची जळकी मुळं, वाळलेलं शेण, गोगलगायीचा रिकामा शंख. एक कोपरा किंचित खोल आहे, तिथे बोटाच्या पेराएवढी माती. बाकी तीन कोपऱ्यांत मातीचा पत्ता नाही. सातबाऱ्यावर हा सगळा सडा पोटखराब, म्हणजे लागवडीला निकामी म्हणून लागलेला आहे. आजचा फोटो पाहून तलाठ्याला दोष द्यावासा वाटला नाही.

८ जून, गुरुवार

मृग निघालं. पाऊस नाही. समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळ फिरतंय, किनाऱ्यावर लाटा घराएवढ्या आणि सड्यावर धूळ.

चौकटीपासून तीसेक पावलांवर टिटवीने डोकं उठवलं. एक टिटवी पंख ओढत लंगडण्याचं नाटक करते तेव्हा अंडी जवळ असतात एवढं माहीत होतं, म्हणून जागच्या जागी उभा राहिलो आणि नुसत्या डोळ्यांनी शोधलं. पाच मिनिटं लागली. चार अंडी, खड्यांच्या मधे खड्यांसारखीच. घरटं म्हणायचं तर चार बारीक दगड इकडेतिकडे सरकवलेले. लांबून पाहिलं तर दुसरी टिटवी ओली होऊन आली आणि अंड्यांवर बसली. भर उन्हात त्या पोटाची पिसं भिजवून आणतात, अंडी गार राहावीत म्हणून. आता जूनमध्ये या सड्याच्या आसपास पाणी कुठे सापडलं असेल तिला?

२००ची लेन्स बॅगेत होती. काढली नाही. घरट्याचे फोटो हल्ली बऱ्याच स्पर्धांत घेतही नाहीत आणि ते बरंच आहे. मी तिथे रेंगाळलो असतो तेवढा वेळ ती उन्हात अंड्यांवरून उठून ओरडत राहिली असती. चौकटीकडे जायची वाट बदलली, आता खालून वळसा.

१२ जून, सोमवार

रविवारचा नेम मोडून आज गेलो, कारण काल संध्याकाळी पहिली मोठी सर झाली. मोसमी पाऊस रत्नागिरीपर्यंत पोचल्याचं हवामान खात्यानेही जाहीर केलंय.

सड्याला वास येतोय. चौकटीत हिरवं काहीच नाही, पण काळा रंग बदललाय. कोरडं शेवाळ पाणी पिऊन फुगलंय, हात लावला तर चटईसारखं.

आणि मृगाचा किडा! बरोबर चौकटीच्या मधून चालला होता. असा मखमली लाल मी शालूतसुद्धा पाहिलेला नाही. एक्स्टेन्शन रिंगा लावून आडवा झालो. इतक्या जवळ गेलं की फोकसमध्ये येते ती जाडी जेमतेम दीड मिलिमीटर. डोळे साधले तर पाठ जाते आणि पाठ साधली तर पाय. त्यात तो थांबत नाही. नवऱ्या मुलाला सांगता येतं, जरा हनुवटी वर. याला कोण सांगणार? एकशेवीसपैकी दोन फोटो बरे आले. त्यात मोजले, पाय आठ. म्हणजे किडा नव्हेच, कोळ्याच्या गोतातला. लहानपणी काडेपेटीत घालून शाळेत न्यायचो तेव्हा पाय मोजायचं कधी सुचलं नाही.

२५ जून, रविवार

मधले बारा दिवस पाऊस रुसला होता, आता लागलाय. चौकटीत हिरवा तवंग. दोन आठवड्यांत प्रगती एवढीच. भाचा म्हणाला, “मामा, टाइमलॅप्स करणार असशील तर लोक झोपतील.”

२ जुलै, रविवार

दीपकाडी फुलली! चौकटीत नाही अर्थात, चौकटीबाहेर दहा पावलांवर. जमिनीतल्या कांद्यातून वर आलेला सडपातळ दांडा आणि त्यावर पांढरी फुलं. ही जगात फक्त कोकणातल्या अशा सड्यांवर येते. पोटखराबात.

पांढऱ्या फुलाचा फोटो म्हणजे नवरीच्या पांढऱ्या गाऊनचा फोटो. कॅमेऱ्यावर सोडलं तर पाकळ्यांतला सगळा तपशील उडतो. एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप खाली ओढलं तेव्हा पाकळीवरच्या शिरा दिसायला लागल्या. आज आभाळ भरलेलं, तोच माझा सॉफ्टबॉक्स. उन्हात हा फोटो झालाच नसता.

आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या साइटवर टाकताना ठिकाण ‘अस्पष्ट’ करून टाकलं. तासाभरात ओळखीतल्या एकाचा निरोप, “लोकेशन पाठव ना.” पाठवलं नाही. तो कांदे उपटणारा नाही हे मला माहीत आहे, पण तो पुढे कोणाला पाठवेल ते त्यालाही माहीत नाही.

९ जुलै, रविवार

आजची नोंद सगळी रडारडीची.

एक, २४-७० लेन्सच्या आतल्या काचेवर बुरशीचा कोळीजाळ. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो त्या जिल्ह्यात मी ती लेन्स आठवडाभर कापडी बॅगेत ठेवली, माझीच चूक. आता पोह्यांच्या हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून सगळं सामान त्यात. निळे दाणे चार दिवसांत गुलाबी होतात, मग तव्यावर भाजून परत निळे करायचे. बायको म्हणते, या घरात पोह्यांपेक्षा जेल जास्त भाजलं जातं.

दोन, ओल्या कातळावर आभाळाची चकाकी येते आणि खालचं काहीच दिसत नाही. पोलरायझर फिरवला की पाण्याच्या आतलं दिसतं, पण उजेड दीड-दोन स्टॉपने जातो, म्हणजे शटर मंद, म्हणजे वाऱ्याने हललेलं सगळं पुसट. दोनपैकी एक निवडा. चकाकी सोसून जलद शटर निवडलं.

तीन, छत्री. भाचा छत्री धरतो ती माझ्यावर. कॅमेऱ्यावर धर म्हटलं तर म्हणतो, “आजारी पडलास तर आई मला ओरडेल, कॅमेरा पडला तर तू.”

चौकटीत: खोलगट कोपऱ्यात चार बोटं पाणी आणि त्यात बेडकाची पिल्लं, शेपटीवाली. मोजायचा प्रयत्न केला, चाळीसपर्यंत गेलो आणि हललो. मातीच्या कडेने हिरव्या सुयांचे झुबके. गेंदाची पानं असावीत.

२० जुलै, गुरुवार

काल रात्री खालापुरात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. सकाळपासून टीव्ही तोच. आमच्याकडेही रात्रभर तसाच कोसळत होता. रविवारी जाणार नाही. या आठवड्याचा फोटो नाही.

३० जुलै, रविवार

सीतेची आसवं आली. चौकटीत, नशिबाने. खोलगट कोपऱ्याच्या काठावर सात दांडे, केसासारखे, टोकाला जांभळट निळं फूल, माझ्या करंगळीच्या नखाएवढंही नाही. वरून काढलेल्या फोटोत ती सात फुलं म्हणजे सात पिक्सेल. म्हणून मित्राची १०० मिलिमीटरची मॅक्रो मागून आणली आणि पोटावर झोपलो.

खाली गेलं की सडा बदलतो. उभ्या माणसाला जे शेवाळ वाटतं ते कोपरावर टेकलं की रान होतं. फुलाच्या खालच्या पाकळीवर मधोमध फिकट उंचवटा, आणि मागे खाली वळलेली शेंडी, तोतया नाकासारखी. दांड्याला पान असं दिसतच नाही. हे झाड जेवतं कुठे याचं उत्तर चिखलात. खाली मोहरीहून बारीक पिशव्या असतात, तोंडाला आत उघडणारं दार, दाराशी केस. पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव केसाला लागला की दार उघडतं आणि तो पाण्यासकट आत ओढला जातो. मिलिसेकंदाच्याही आत. आपली पापणी लवायला याच्या शंभरपटीहून जास्त वेळ लागतो. एवढी हातघाई चाललेली असते आणि वर फूल मान खाली घालून उभं, बारशाला आलेल्या पाहुणीसारखं.

त्या पिशव्यांचा फोटो हवा असेल तर रोप उपटून धुऊन काचेवर ठेवावं लागेल. सातपैकी एक. विचार केला, नाही म्हणत नाही. पाच मिनिटं केला. मग पाऊस आला आणि सामान आवरावं लागलं.

फुलाचा एक फोटो मात्र असा निघालाय की या मोसमातले पंचवीस अल्बम त्यावरून ओवाळून टाकावेत. उजेड स्टुडिओतल्या पांढऱ्या छत्रीतून, कडेने. पाकळीच्या कडेवर पाण्याचा एक थेंब आणि थेंबात उलटा भाचा.

१३ ऑगस्ट, रविवार

पाऊस गेला कुठे? सरी येतात, कपडे भिजेपर्यंत थांबत नाहीत. सड्यावर मातीच नाही, तर पाणी धरणार कोण? चार दिवस ऊन पडलं की कातळ तापतो. खोलगट कोपऱ्यात पाण्याऐवजी चिखल. बेडूकपिल्लांपैकी काहींना पाय फुटले होते, ती निघून गेली असावीत. बाकीची चिखलात काळ्या स्वल्पविरामांसारखी चिकटली आहेत. त्याचाही फोटो घेतला. घ्यायला हवाच होता, चौकटीत घडेल ते सगळं काढायचं ठरलं होतं.

रात्री सगळे फोटो स्क्रीनवर एकापुढे एक लावले. मोजण्यासाठी बसलो होतो, आणि भलतंच दिसलं.

कॅमेरा थोडा रुंद घेतो, त्यामुळे चौकटीबाहेरची दोन्हीकडची वीतभर पट्टीही फोटोत येते. जूनमध्ये आत-बाहेर सारखंच होतं. २ जुलैला बाहेरची हिरवळ आतल्यापेक्षा किंचित फिकट. १६ जुलैला स्पष्ट फिकट. आज आत दाट हिरवं आणि बाहेर तपकिरी वेटोळं, देवळाच्या प्रदक्षिणेच्या वाटेसारखं. ते मी. माझे गमबूट, माझे गुडघे, भाच्याची छत्री धरून केलेली येरझार. आत, खोलगट कोपऱ्याच्या चिखलात एक गोलसर खड्डा, तोही माझाच. ३० तारखेला फुलाशी आडवा झालो तेव्हा कोपर टेकला असणार. फाइलला नाव दिलं: कोपर_३०जुलै.

म्हणजे दोन माणसांचे चट्टे पाहून वाईट वाटलं म्हणून हा प्रकल्प काढला, आणि प्रकल्पाने एका माणसाचं रिंगण तयार केलं. लग्नात कोणी असं दाखवून दिलं असतं तर मी म्हटलं असतं, क्रॉप करतो, काळजी करू नका.

क्रॉप करायचं नाही असं ठरवलंय. उद्यापासून:

गावातल्या पडक्या गडग्यातले, म्हणजे दगडी कुंपणातले दोन चिरे आणून एका बाजूला, जिथे नुसता कातळ आहे तिथे ठेवायचे. उभं राहायचं ते चिऱ्यावर, टेकायचं तेही चिऱ्यावर. बाकी तीन बाजू बंद. तिथून जे दिसणार नाही ते दिसणार नाही.

२१ ऑगस्ट, सोमवार, नागपंचमी

कालचा रविवार चुकवून आज गेलो ते घरी न सांगता, कारण आज असं बाहेर काही उकरायला जायचं नसतं. उकरणार नव्हतोच. डाव्या चिऱ्यावर गुडघा ठेवायला वाकलो तर चिऱ्याच्या सावलीत वेटोळं. फुरसं. वीतभर लांब, जाड दोरीएवढं, कातळाच्याच रंगाचं. जागचं हललं नाही, पण वेटोळ्यावर वेटोळं घासून खरखर करायला लागलं. पत्र्यावर वाळू ओतावी तसा आवाज. आमच्या सड्यांवर याची काही कमी नाही आणि याचा दंश खेळ नव्हे.

सहा पावलं मागे आलो, २००ची लेन्स लावली, चार फोटो काढले आणि वाट बघत बसलो. पाऊण तास. मग ते कडेकडेने सरकत भेगेत गेलं. फोटोत डोळा टाचणीसारखा तीक्ष्ण आलाय.

नियमात भर: चिरा हाताने हलवायचा नाही, आधी काठीने ठोकायचा. चिरे मीच आणले होते हे लक्षात ठेवायचं. सावली मी पुरवली, तो राहायला आला.

३ सप्टेंबर, रविवार

बातमी: १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट. चौकटीला हे आधीच कळलं होतं. सीतेची आसवं सातांची तीन झाली होती आणि आज तीही नाहीत. गेंदाच्या सुया टोकांकडून पिवळ्या.

आजचा फोटो कंटाळवाणा आहे. तोही ठेवला.

सड्यावर गुरं राखायला येणाऱ्या आजी आज पहिल्यांदा बोलल्या. दोन महिने लांबून बघत होत्या. पाइप, टांगलेला कॅमेरा, चिऱ्यावर गुडघे टेकून बसलेला मी.

“कसला नवस हाय रे बाबा?”

मी मोबाइलवर जुलैचं निळं फूल दाखवलं. विचारलं, “आजी, याला तुम्ही काय म्हणता?”

त्यांनी मोबाइल लांब धरला, जवळ धरला. “ह्याला काय म्हणायचा? गवात ता. गुरांच्या तोंडात जाता.” मग जरा थांबून, “बरा दिसता पण.”

२२ सप्टेंबर, शुक्रवार, गौरीपूजन

पाऊस परत आलाय, गणपतीच्या आधीपासून. वाडीत मुंबईकर भरलेत, माझ्याकडे आरतीचे फोटो आणि व्हिडिओची कामं, त्यातून सकाळचे दोन तास काढले. बहिणीला गौरीसाठी तेरडा हवा होता, तो पाणंदीच्या कडेचा घेतला. सड्यावरचा नाही.

सडा पांढरा झालाय. ऑगस्टने जे मारलं असं वाटलं होतं ते गेंदाने तीन आठवड्यांत भरून काढलं. चौकटीत गेंदाची डोकी मोजली: २१२. मोजायला सोपं, कारण वरून काढलेल्या फोटोत प्रत्येक डोकं म्हणजे एक पांढरा ठिपका, प्रिंटवर पेनने टिंब देत गेलं की झालं. वरून काढलेल्या फोटोचा इतका चोख उपयोग मला पूर्ण प्रकल्पात आजच झाला.

चिऱ्यावरून हात पोचेल अशा एका डोक्याशी मॅक्रो नेली. लांबून जे एक फूल वाटतं ती शंभरेक फुलांची सभा आहे. नर आणि मादी फुलं एकाच डोक्यात, आणि पांढऱ्या लोकरीतून बाहेर डोकावणारे काळे परागकोश, खसखशीहून बारीक. मोठं करून बघितल्याशिवाय काळं काही आहे याचा संशयही येत नाही. एक मुंगी त्या काळ्या टिंबांवरून पाय उचलून उचलून चालली होती.

वाडीतल्या एका पाहुण्याने विचारलं, “ते फुलांचं पठार कुठे आहे हो? रील करायची होती.” मी पाणंदीच्या तेरड्याकडे बोट दाखवलं. खोटं बोललो असं नाही, फुलं होतीच. परवाचा रविवार पाहुण्यांत जाणार, फोटो नाही.

८ ऑक्टोबर, रविवार

हस्ताचा पाऊस दुपारनंतर गडगडून येतो, सकाळ कोरडी. गवत सोनेरी व्हायला लागलंय, गेंद भुरे. आणि त्या सगळ्या वाळणाऱ्या पसाऱ्यात दवबिंदू. चौकटीत दोन रोपं, तांबूस, बोटभर उंच, पानापानावर केस आणि केसाकेसाच्या टोकाला चकाकणारा थेंब.

लग्नाच्या बॅगेत माझ्याकडे पाण्याचा फवारा कायम असतो. गुलाबाच्या हारावर दोन फवारे मारले की हार ताजा दिसतो. सवयीने हात तिकडे गेला. मग हसू आलं. हा थेंब पाण्याचा नाही, चिकाचा आहे. त्यावर बसतो तो किडा अडकतो, पान त्याच्याभोवती हळूहळू वळतं आणि त्याला पचवतं. त्यावर फवारा मारायचा म्हणजे चाललेल्या पंगतीत पानावर पाणी ओतायचं.

उजेड मागून घेतला, सूर्य सव्वासातला कातळाला टेकलेला. प्रत्येक थेंबात एक सूर्य. एका पानात वळलेली चिलटाएवढी माशी, अंग संपलेलं, पंख दोन्ही शाबूत, आणि पंखांवर इंद्रधनुष्याचा पट्टा. अकरा फोटो फोकस थोडा थोडा सरकवत काढले आणि घरी जोडले. जोडताना कळलं की बाराव्या वेळी वाऱ्याने पान हललं म्हणून मी थांबलो होतो, आणि नेमका डाव्या पंखाचा शेंडा त्या बाराव्यात होता. तो पुसटच राहिला.

५ नोव्हेंबर, रविवार

शेवटचा फोटो. काळा कातळ, पिवळं गवत, शेण. मेच्या फोटोशेजारी ठेवला तर शंखाची जागा सोडून फारसा फरक नाही. बियाणं कुठेतरी भेगांत असेल, फोटोत ते नाही.

पंचवीस रविवारांपैकी दोन चुकले, तेवीस फोटो. (११ जून आणि २० ऑगस्टचे एकेक दिवस उशिरा, ते धरले.) सगळे आठ बाय आठला छापले आणि आजींना दाखवायला सड्यावरच घेऊन गेलो. रिंगणाची तीन बाजूंची वाट सप्टेंबरपर्यंत बुजली होती. चिऱ्यांच्या बाजूला कातळच, तिथे बुजायला काही नव्हतं.

आजी खाली बसल्या, पदराला हात पुसले, पत्ते वाटल्यासारखे फोटो कातळावर मांडले. फुलांचे भरभर सरकवले. १३ ऑगस्टच्या फोटोवर थांबल्या. चिखलातल्या त्या खड्ड्यावर बोट ठेवलं.

मी म्हटलं, “आजी, तो माझा कोपर. चुकून टेकला.”

“कोपार कसला? ही आमची तांबडी.” त्यांनी खड्ड्याच्या कडेची, मी सावली समजत होतो ती बारीक रेघ नखाने दाखवली. “मागचा डावा खूर हाय. फाटलाय तिचा, बग. त्या दिशी हितना दोनदा हाकलली मी तिला.”

तांबडी वीस पावलांवर चरत होती. जाऊन पाहिलं. मागचा डावा खूर, बाहेरच्या बाजूने चिरलेला.

१३ ऑगस्टच्या नोंदीत दुरुस्ती: फाइल कोपर_३०जुलै याचं नाव आता तांबडी_मागचा_डावा. रिंगण माझंच.